लिंगाची आण घेऊन दिलेले हेल्मेट

माझ्या धाकट्या मुलीच्या डोक्यावर, उजव्या कानाच्या थोडे वर, बोटभर लांबीची एक रेघ आहे. तिथे केस उगवत नाहीत. अगदी लहान असताना ती आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या गच्चीवरून खालच्या दगडी फरशीवर पडली होती. बऱ्याच दिवसांनी ती शुद्धीवर आली आणि तिने पाणी मागितले, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या पत्नीने, पेला भरताना निम्मे पाणी जमिनीवर सांडले. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: या डोक्याला पुन्हा मार बसता कामा नये. डॉक्टर ते वाक्य पुढे विसरलेही असतील. माझी पत्नी विसरली नाही. त्या दिवसापासून झोपाळा, सायकल, झाडावर चढणे, पळापळीचा खेळ, हे सारे त्या मुलीला वर्ज्य झाले. थोरली अंगणात खेळायची आणि धाकटी उंबऱ्यावर बसून तिचे डाव मोजायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका संस्कृत पाठशाळेत शिकवीत होतो. पत्नीचा धाकटा भाऊ सैन्यात कारकुनीच्या कामावर होता आणि तेव्हा काश्मीरमध्ये होता. उन्हाळ्यात त्याची बदली ठरलेली होती. जाण्यापूर्वी अक्काने, भावजींनी आणि मुलींनी एकदा बर्फ पाहून जावे, मुलींना मी पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवीन, असे त्याने कळवले. आमच्या घरात तोपर्यंत बर्फ म्हणजे लग्नसराईत सरबतासाठी भुशातून आणलेली लादी. त्या पत्राने दोन्ही मुलींना वेड लागायचे बाकी राहिले. धाकटीने तर जाड सोलापुरी चादरीच्या घड्या दोन्ही पायांना सुतळीने बांधल्या आणि माजघरातल्या शहाबादी फरशीवरून, भिंत धरून का होईना, घसरायला सुरुवात केली. मी पूजेला बसलेला असताना मागून येणारा तो सरसर आवाज मला ऐकू येई आणि मन एकाग्र होत नसूनही मला बरे वाटे.

पत्नीने मात्र स्पष्ट सांगितले. "थोरलीचं काही नाही. ती जाऊ दे. ही डोक्यावर कठीण टोप असेल तरच त्या फळ्यांवर उभी राहील. टोप नसेल तर माझ्या शेजारी बसून बर्फ बघेल."

"अव्वा, बसून तर मी रोजच बघते," धाकटी म्हणाली.

 आईने माझ्याकडे असे पाहिले, की टोप आणणे हे त्या क्षणापासून माझे कर्तव्य झाले. मेव्हण्याला विचारले, तर त्याचे उत्तर आले की तिथे मोठी माणसेसुद्धा लोकरीच्या टोप्या घालून घसरतात. मुलांच्या मापाचे हेल्मेट तिथे मिळायचे नाही, सोलापुरात मिळाले तर घेऊन या.

सोलापुरात हेल्मेट शोधणे म्हणजे काय, हे त्या काळच्या सोलापूरकरालाच कळेल. स्कूटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मुंबईहून मागवावं लागतंय. ते बी मोठ्यांच्या मापाचं. हितं कोण घालतंय हो? उन्हात डोस्कं शिजतंय की." दुसऱ्या दुकानात तर मला मुलीसाठी हेल्मेट हवे आहे, हे ऐकूनच लोक हसले. गिरणीतल्या एका परिचिताने अग्निशामकाचा पितळी टोप दाखवला. तो मी माझ्या डोक्यावर ठेवून पाहिला आणि माझीच मान खाली गेली.

शेवटी मी आमच्याच पेठेतल्या एका दुकानात गेलो. ते दुकान भाड्याने सामान देणाऱ्याचे होते. शाळांच्या संमेलनांना लागणारे मुकुट, पत्र्याच्या तलवारी, दाढ्या, बँडवाल्यांचे लाल कोट असा सारा पसारा तिथे असे. केदाराच्या यात्रेला जाणारी मंडळी गरम कोट त्याच्याकडूनच नेत. आदल्या वर्षी त्याने नवीन पाटी लावली होती: 'थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी बर्फाचे सर्व सामान भाड्याने मिळेल.' दुकानाचा मालक आमच्याच समाजातला. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी; ती सदऱ्याच्या आत असावी, पण त्याची नेहमी बाहेर असे. सोमवारी देवळात आरतीला तो पहिल्या रांगेत उभा राही आणि माझ्या प्रवचनाला मान डोलावून दाद देई. म्हणजे अनोळखी माणूस नव्हे.

"बर्फावर जाणार? मुलीसाठी टोप? या की, शास्त्रीजी! बसा. तुमच्यासाठीच आणून ठिवलंय म्हणा की."

त्याने वरच्या फळीवरून रुपेरी रंगाचे, गोल, झळझळीत हेल्मेट काढले. आत तांबडी गादी, खाली कापडी पट्टा. माप पाहिले तर नेमके मुलीच्या डोक्याएवढे. मी ते हातात घेतले आणि मला शंका आली.

"हे फारच हलके आहे हो."

"फायबर हाय, शास्त्रीजी. नवा माल. लोखंडाचे दिवस गेले आता. विमानं बी फायबरची करायलेत."

फायबर हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. ती वस्तू मी कधी हाताळलेली नव्हती. मी त्याला सारे नीट सांगितले. गच्चीवरून पडणे, मूर्च्छा, डॉक्टरांचे शब्द, पत्नीची अट. मग विचारले, "हे खडकासारख्या घट्ट बर्फावर आपटले तर टिकेल का? नसेल टिकत, तर नाही म्हणा. मला यत्किंचितही वाईट वाटणार नाही."

त्या माणसाने काय करावे? त्याने उजव्या हाताने गळ्यातली चांदीची पेटी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "लिंगाची आण, शास्त्रीजी. दगडावर आपटा. चरा बी पडायचा न्हाय."

माझ्यासारख्या माणसाचा व्यवहार तिथे संपतो. ज्या लिंगाला आपण प्रत्यक्ष शिव मानतो, ज्याची पूजा झाल्याविना तोंडात पाणी घालत नाही, ते हातात धरून कोणी शब्द दिला, तर त्यानंतर ती वस्तू ठोकून बघणे म्हणजे त्या आणेलाच ठोकून बघणे. दुसरा कोणी असता, तर त्याने हेल्मेट उंबऱ्यावर आपटून पाहिले असते, आणि पाहायलाच हवे होते, असे आज कोणीही म्हणेल. मी हात जोडले आणि हेल्मेट पंच्यात गुंडाळून घरी आणले.

घरी जो आनंद झाला, तो आठवला की आजही माझ्या अंगाची आग होते. धाकटी त्या हेल्मेटाभोवती नुसती फिरत होती. थोरली म्हणाली, "घाल, घाल. संमेलनातला शिपाई दिसशील."

"आणि तू? तू तर लोकरीच्या टोपीतलं मांजर दिसशील."

"अप्पा, बघा हो हिला!"

पत्नीने हेल्मेट हातात घेतले, आतल्या गादीवरून हात फिरवला, आणि कित्येक वर्षांत न ऐकलेले वाक्य मी तिच्या तोंडून ऐकले. ती मुलीला म्हणाली, "नीट शीक हां. मामाला त्रास देऊ नकोस." आणि तिने स्वतः मुलीच्या पायाला चादरीच्या घड्या बांधून दिल्या. पण हेल्मेट लगेच घालू दिले नाही. आमच्याकडे दुसऱ्याने वापरलेली वस्तू पाण्याने शुद्ध केल्याशिवाय अंगाला लागत नाही. आणि हे तर डोके. दीक्षेच्या वेळी गुरू शिष्याच्या मस्तकावर हात ठेवतो. धाकटीची दीक्षा झालेली होती. ज्या मस्तकाला गुरूचा हात लागला, त्यावर कोणाकोणाच्या घामाने भिजलेली भाड्याची वस्तू तशीच चढवायची नाही, हे मला मान्य होते आणि तिलाही. सकाळी पूजेनंतर मी धुऊन देईन, असे ठरले.

सकाळी पूजा आटोपून मी मोरीपाशी बसलो. दोघी मुली आणि पत्नी उभ्या होत्या. मी मंत्र म्हणत तांब्याने हेल्मेटावर पाणी सोडले. प्रथम रुपेरी रंगाचा एक ओघळ माझ्या मनगटावरून उतरला. मला वाटले, वरची धूळ असेल. दुसरा तांब्या ओतला, तेव्हा खवले निघावेत तसे रंगाचे पापुद्रे निघून मोरीत गेले. मी गडबडून ते पुसायला गेलो आणि माझा अंगठा हेल्मेटात रुतला. रुतला आणि आरपार गेला.

आत कागद होता. खळ लावून एकावर एक चिकटवलेला रद्दी कागद. फुगलेल्या लगद्यावर जुन्या वर्तमानपत्राची अक्षरे उमटली होती, कुठे मराठी, कुठे कानडी. एका तुकड्यावर कसल्याशा साबणाची जाहिरात होती आणि तिच्यातली बाई हसत होती.

 धाकटीने विचारले, "अप्पा, उन्हात वाळवलं तर परत कडक होईल?"

 पत्नी पुढे आली. तिने तो लगदा माझ्या हातातून घेतला, मुठीत दाबला. पाणी गळाले. ती इतकेच म्हणाली, "हे तिच्या डोक्यावर असतं."

मला राग म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, असे नाही. पाठशाळेत मुले पाठ न करता आली, की राग येई. पण तो तासाबरोबर संपे. हा राग वेगळा होता.  त्याने मला इतके शांत केले, की मी सदरा घातला, टोपी घातली, लगदा पत्रावळीत घेतला आणि अनवाणी बाहेर पडलो. पायात काही नाही हे मला दुकानाशी पोहोचल्यावर कळले.

दुकानात गिऱ्हाईक होते. शेजारचा गादीवाला मुसलमान कापूस पिंजत दारातच बसला होता. मी पत्रावळ मालकासमोर ठेवली.

त्याने ती पाहिली. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. तो मी स्पष्ट पाहिला, म्हणून सांगतो की त्याला सारे ठाऊक होते. पण दुसऱ्याच क्षणी त्याला हसू सुचले.

"अहो शास्त्रीजी! हे काय केलं? हेल्मेटाला आंघोळ घातली व्हय?" तो गिऱ्हाइकांकडे वळला. "बघा की राव, आमच्या शास्त्रीजींची तऱ्हा. उद्या बुटाला पंचामृत घालतील."

लोक हसले. गादीवालाही हसला.

"बर्फ कशाचा असतो?" मी विचारले.

"काय?"

"बर्फ. ज्यासाठी तुम्ही ही पाटी लावली आहे. तो कशाचा असतो?"

"बर्फ घट्ट असतोय की, शास्त्रीजी. पाणी पातळ असतंय."

पुन्हा लोक हसले. पण या वेळी काहीजण त्याला हसले. तो जरा वरमला आणि आवाज उतरवून म्हणाला, "जाऊ द्या. तुमचं भाडं परत घ्या. वर एक नारळ देतो. वाटल्यास ह्यो पत्र्याचा टोप न्या, राजाचा हाय. फुकट न्या."

भाडे! मी त्याला मुलीचे डोके सांगितले होते, आणि तो मला नारळ देत होता.

वरच्या फळीवर तशीच आणखी काही रुपेरी हेल्मेटे ओळीने मांडलेली होती. मी त्यांतले मोठ्यातले मोठे काढले आणि त्याच्यासमोर धरले. "हे घाला."

"मी?"

"तुम्ही. काल आपण म्हणालात, दगडावर आपटा, चरा पडायचा नाही. मी दगडावर आपटत नाही. हे आपण आपल्या डोक्यावर घाला; दाराला लावायचा हा अडसर मी हातात घेतो. एकच घाव घालीन. आपली आण खरी असेल, तर आपल्याला काही होणार नाही आणि मी या रस्त्यात सर्वांसमक्ष आपल्या पाया पडेन."

मी अडसर उचलला होता. तो माझ्या हातात होता, हे मला आज सांगताना लाज वाटत नाही.

"काय बोलता, शास्त्रीजी! तुमच्यासारख्या देवमाणसानं..."

गादीवाल्याने कापूस पिंजायची धनुकली खाली ठेवली होती. तो म्हणाला, "अजी सेठ, पैन लेव ना. मालक तुमीच, माल तुमाराच. डरना कायकू?"

आता कोणी हसत नव्हते. मालकाने हेल्मेट हातात घेतले नाही. त्याचा हात सवयीने गळ्यातल्या पेटीकडे गेला. मग माझी दृष्टी त्या हातावर आहे हे त्याला दिसले आणि त्याने तो खाली घेतला. "संमेलनासाठी केलेली हाईत," तो पुटपुटला. "मुलं काय, पाच मिनिटं घालतेत न् काढतेत. बर्फावर कोण एवढं पडतंय? गेल्या साली बी नेली की लोकांनी. कुणाची तक्रार न्हाय."

"कोणी नेली?"

त्याने तोंड फिरवले. कोणाची तक्रार नाही, हे वाक्य तो पुरावा म्हणून देत होता! कोणाकोणाची लेकरे डोक्यावर रद्दी बांधून उतारावरून गेली आणि देवाने त्यांना राखले. आणि त्या राखण्याचा हा माणूस आपल्या मालाच्या बाजूने साक्ष म्हणून उपयोग करत होता. मी अडसर जागेवर ठेवला. मग फळीवरची ती सारी हेल्मेटे एकेक करून खाली घेतली आणि पायाखाली दाबून चपटी केली. प्रत्येकाचा मऊ, पोकळ असा आवाज झाला. त्याने मला अडवले नाही. गादीवाला उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चलो पंडतजी, घर चलो. पाँव में काँच लगेगा."

त्याच दिवशी संध्याकाळी देवळाच्या व्यवस्थेतले एक वयोवृद्ध गृहस्थ घरी आले. फार सज्जन माणूस. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "शास्त्रीजी, झालं ते वाईट झालं. पण तो अन्नदानाला तांदूळ देतो. समाजात चर्चा नको. आपण तर सर्वांना क्षमा शिकवता."

"माझा अपराध केला असता, तर आपण यायच्या आत मी क्षमा केली असती," मी म्हणालो. "त्याने माझ्या मुलीचे डोके आणि शिवाचे नाव, दोन्ही विकले. यांतले माझे कोणते, की ज्याची क्षमा मी करू?"

"पण राग हा..."

"तो नरकाचे दार आहे, हे मला ठाऊक आहे. मीच शिकवतो."

ते गेले. आणि माझ्या ध्यानात आले, की आतल्या खोलीत हे सारे ऐकत बसलेल्या माणसांना माझ्या या उत्तराचा काही उपयोग नाही. निघायला थोडेच दिवस राहिले होते. मुंबईहून काही मागवायला वेळ नव्हता. पत्नीने जेवताना निर्णय सांगितला: धाकटी येईल, बर्फ बघेल, हातात घेईल, पण फळ्यांवर उभी राहणार नाही. तिच्या आवाजात कठोरपणा नव्हता, आणि म्हणूनच त्याविरुद्ध बोलता येत नव्हते. "माझा आता कशावरच विश्वास बसणार नाही," ती म्हणाली. "लिंग हातात धरून माणूस खोटं बोलला. आता कोण खरं सांगेल?"

धाकटी रडली नाही. तिने चादरीच्या घड्या उलगडल्या आणि नीट पुन्हा घड्या घालून ट्रंकेवर ठेवल्या. माजघरातला सरसर आवाज बंद झाला. मी पूजेला बसे आणि त्या शांततेत मला त्या माणसाचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दिसे. माझ्या पूजेतही तो शिरला होता. यासाठीही मला त्याचा राग येत होता.

आम्ही गेलो. लांबचा प्रवास, गर्दी, थंडी, जम्मूपासून घाटाघाटांतून जाणारी बस, यांचे वर्णन मी करत नाही. मला त्यातले फारसे आठवतही नाही. मेव्हणा आम्हाला घ्यायला आला आणि वर डोंगरात, जिथे घसरण्याचा उतार होता, तिथे त्याने एका लाकडी घरात आमची सोय केली. सारे जग पांढरे होते. थोरलीने पहिल्याच दिवशी फळ्या बांधल्या, लोकरीची टोपी घातली आणि दिवसभर पडत राहिली. धाकटी आईशेजारी शालीत बसून तिचे पडणे मोजत होती.

"अक्का, हिला का बसवलंस?" मेव्हण्याने विचारले. पत्नीने सगळे सांगितले. तो ऐकत राहिला, सैन्यातल्या माणसाला शोभेलशी एक शिवी त्या दुकानदाराला दिली, माझ्याकडे पाहून जीभ चावली आणि निघून गेला. संध्याकाळी तो परत आला, तेव्हा त्याच्या काखेत एक हेल्मेट होते. सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणारे जवान असतात, त्यांच्यातल्या एकाचे ते मागून आणले होते. हिरवे, जड, कडेला टवके उडालेले. मुलीच्या डोक्याला ते मोठे होते; पण आत दोन लोकरीच्या टोप्या घातल्या, तर घट्ट बसत होते.

पत्नीने ते हातात घेतले. वजन पाहिले. नखाने रंग खरवडला. बोटाच्या पेराने ठोकले. मग ती उठली, चुलीवर तापत ठेवलेले पाणी बादलीत ओतले आणि हेल्मेट बादलीत बुडवून वर पाट ठेवला.

"अगं अक्का! सरकारी आहे ते!"

"सरकारी असलं म्हणून काय झालं? सकाळपर्यंत राहू दे."

सकाळी बादलीतल्या पाण्याचाच बर्फ झाला होता आणि हेल्मेट त्यात घट्ट रुतून बसले होते. मेव्हण्याने कपाळाला हात लावला. "आता त्या जवानाला मी काय सांगू? माझ्या बहिणीनं तुझं डोकं गोठवलं म्हणून?" थोरली हसून हसून गादीवर लोळली. आम्ही बादली शेगडीजवळ ठेवली, बर्फ सुटेपर्यंत थांबलो, हेल्मेट बाहेर काढले, आतली गादी वाळवली. पत्नी तेवढा वेळ त्याच्याजवळून हलली नाही. शेवटी तिने ते दोन्ही हातांनी दाबून पाहिले. कुठे मऊ नव्हते, कुठे रंग गेला नव्हता. तिने ते उचलून दाराच्या दगडी पायरीवर सारी शक्ती लावून आपटले. पायरीवरचा बर्फ फुटून उडाला. हेल्मेटाला आणखी एक टवका गेला, एवढेच.

"ये," तिने धाकटीला हाक मारली. आतल्या टोप्या नीट करून तिने हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवले, हनुवटीखाली पट्टा बांधला आणि कपाळावरच्या विभूतीवरून एकदा अंगठा फिरवला. मी तिथे उभा होतो, पण तिने मला काही विचारले नाही. तिला आता कोणाच्या शब्दाची गरज नव्हती.

मुलगी उताराच्या खालच्या, सौम्य भागावरून सुटली. मामा तिच्या बाजूने चालत होता. थोडे अंतर ती उभी राहिली. हात पसरलेले, गुडघे वाकलेले, जसे ती माजघरात घसरे तसेच. मग एक फळी दुसऱ्या फळीवर चढली आणि ती मागच्या मागे पडली. तिथे बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा झालेला होता. डोके त्यावर आपटले. ठक्कन असा आवाज झाला, कोरड्या लाकडावर घण बसावा तसा. तो वर आमच्यापर्यंत स्पष्ट आला.

पत्नीने माझा दंड धरला.

मुलगी तशीच पडून राहिली. मग तिचा एक हात वर आला, आणि तिचा आवाज: "अव्वा! काही झालं नाही! मला लागलंच नाही!" आणि ती हसायला लागली. थोरली हसली, मामा हसला, आजूबाजूला घसरणारे लोक थांबून हसले. माझी पत्नी एकाच वेळी हसत आणि रडत होती. धाकटी उठली, पडली, पुन्हा उठली आणि म्हणाली, "परत. मामा, परत."

त्या क्षणी शिवाचे नाव माझ्या तोंडी यायला हवे होते. सारा जन्म मी लोकांना हेच सांगितले आहे, की संकट टळले की प्रथम त्याचे नाव घ्यावे. मी घ्यायला गेलो आणि ते येईना. मला तो ठक्कन आवाजच ऐकू येत होता; आणि त्या आवाजाच्या जागी, माझ्या अंगठ्याखाली जसा आला होता तसा, मऊ, भिजल्या कागदाचा आवाज मी ऐकत होतो. त्याखाली ती केस नसलेली रेघ. मुलगी सुखरूप होती, म्हणूनच मला ते आता पुरते दिसले. दुकानात, अडसर हातात असताना, मला याच्या शतांशानेही राग आलेला नव्हता. त्या रागाने माझे दात एकमेकांवर आपटू लागले आणि काही केल्या थांबेनात.

मेव्हणा उतारावरून वर आला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि आपला जाड कोट काढून माझ्या खांद्यांवर घातला. "भावजी, तुम्ही आत जाऊन शेगडीजवळ बसा की. केवढे कुडकुडताय! सोलापूरच्या माणसाला ही थंडी सोसायची नाही."

"मला थंडी वाजत नाही," मी म्हणालो.

त्याने ते मानले नाही. माझ्या खांद्याला धरून तो मला घराकडे चालवू लागला. मागे मुलगी पुन्हा पडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा तिचे हसणे. मी त्याचा हात बाजूला केला आणि तिथेच, उताराकडे तोंड करून, उभा राहिलो.